कुत्र्या-मांजरांना मुतखडा झाला तर: पोट न उघडता काय काय करता येतं आणि कुठल्या क्रमानं

पहिली गोष्ट, आणि ही वाचून बाकीचं सोडून दिलंत तरी चालेल. बोका सारखा वाळूच्या ट्रेमधे नाहीतर बाथरूमच्या कोपऱ्यात जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, खालची जागा चाटतोय आणि थेंबसुद्धा पडत नाहीये, तर लगेच दवाखाना गाठा, रात्र असली तरी, सकाळची वाट बघू नका. मी मिरजेत प्राण्यांच्या दवाखान्यात मदतीला असते आणि आमच्याकडे असे बोके येतात तेव्हा घरच्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "मॅडम, ह्याला दोन दिवस झाले संडासलाच हुईना, एरंडेल पाजलं तरी काय फरक नाही बघा." संडासचा प्रॉब्लेम नसतोच तो, लघवी तुंबलेली असते. बोका जोर करताना दोन्हीला सारखाच बसतो त्यामुळं लांबून कळत नाही, म्हणून ट्रेमधली वाळू हातानं चाळून बघा, ओले गोळे झालेत का नाही. पोटाला मागच्या पायांच्या पुढं हलक्या हातानं चाचपलं आणि मोसंबीएवढं कडक काहीतरी लागलं तर ती लघवीची पिशवी आहे, ती दाबायची नाही, फुटू शकते.

लघवी अडली की रक्तात पोटॅशियम साचत जातं आणि ते हृदयाला मंद करतं, किडनीपण काम सोडते, त्यामुळं पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत जातो आणि शेवटी शेवटी तो शांत पडून राहतो म्हणून लोकांना वाटतं जरा बरा झाला. उलटी करायला लागला, अंग गार लागतंय, मान टाकलीय, म्हणजे वेळ फार कमी राहिलाय. भाटीला, म्हणजे मांजरीला, असं पूर्ण तुंबणं क्वचित होतं कारण तिची लघवीची नळी आखूड आणि रुंद असते, बोक्याची टोकाला फार बारीक होत जाते. कुत्र्यात नराला जास्त धोका, त्याच्या लिंगात हाड असतं आणि खडा बरोबर त्या हाडाच्या मागं येऊन अडकतो.

घरी काय द्यायचं नाही ते पण आत्ताच सांगते. माणसाची दुखण्याची गोळी द्यायची नाही, क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीनं जीव जातो, आणि कॉम्बिफ्लॅममधे तर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही असतात, ते कुत्र्यालापण नको. लघवी होण्याची गोळी, लॅसिक्स वगैरे, मेडिकलवाल्यानं दिली तरी नको, पुढं रस्ता बंद आणि मागनं आणखी लघवी असं होतं. पानफुटीचा रस, कुळथाचा काढा, हे आपल्याकडं घरोघरी मुतखड्यावर चालतं, पण तुंबलेल्या जनावराला जबरदस्तीनं काहीही पाजण्यात जो वेळ जातो तोच महागात पडतो.

दवाखान्यात काय होतं: सलाईन लावतात, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, बघतात, हृदयाचे ठोके बघतात, पोटॅशियम फार वाढलं असेल तर हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन देतात आणि मग भूल देऊन लघवीच्या जागेतून बारीक नळी घालून सलाईनच्या धारेनं अडथळा मोकळा करतात. बोक्यात हा अडथळा दर वेळी खडाच असतो असं नाही, बऱ्याचदा चिकट पदार्थ आणि बारीक क्रिस्टल मिळून बूच झालेलं असतं, किंवा नळीला नुसती सूज आणि पेटका. नळी एक-दोन दिवस, कधी तीन दिवस आत ठेवतात आणि तेवढे दिवस त्याला ॲडमिट ठेवा म्हणतील, त्यात घासाघीस करू नका. मोकळं झाल्यावर लघवीचा लोंढा सुटतो, शरीरातलं पाणी भसाभस जातं, ते सलाईननं भरून काढावं लागतं, घरी हे होत नाही. नळी काढल्यावर पहिला आठवडा परत तुंबायचा धोका सगळ्यात जास्त, तेव्हा रोज ट्रेमधले ओले गोळे मोजा, खरंच मोजा.

ज्यांना सांगली-साताऱ्याहून मोठ्या शहरात न्यायचंय त्यांनी एक लक्षात ठेवा, तुंबलेलं जनावर घेऊन तीन-चार तास गाडीत बसायचं नाही. आधी जवळच्या डॉक्टरकडं नळी घालून घ्या, नळी जातच नसेल तर निदान पोटातून सुईनं लघवी काढून पिशवी हलकी करून द्या म्हणावं, मग निघा.

आता ज्यांचं तुंबलेलं नाही पण त्रास आहे त्यांच्यासाठी. कुत्रा फिरायला नेला की दहा ठिकाणी पाय वर करतो आणि थेंब थेंब सोडतो, लघवी लाल येते, कुत्री घरात फरशीवर करायला लागलीय जी कधी करत नव्हती. इथं घाई नाही, पण टाळाटाळपण नको, कारण इथंच तुम्हाला पर्याय मिळतात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की सोनोग्राफीत खडा दिसला की लगेच "ऑपरेशन कधी करायचं" हा प्रश्न येतो, त्याच्या आधी दोन प्रश्न यायला पाहिजेत: खडा कुठल्या जातीचा असेल, आणि तो विरघळवून किंवा खालच्या वाटेनं काढता येईल का. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या एसीव्हीआयएम ह्या संस्थेनं २०१६ साली कुत्र्या-मांजरांच्या मुतखड्यावर एकमतानं शिफारशी काढल्या, त्यातपण हेच आहे, की स्ट्रुव्हाइट जातीचा, म्हणजे विरघळू शकणारा, खडा आधी विरघळवायचा प्रयत्न करा, आणि पिशवीतला खडा काढायचाच असेल तर कमीत कमी कापाकापीची पद्धत आधी बघा.

जात ओळखायची कशी? खडा हातात येईपर्यंत शंभर टक्के कळत नाही, पण अंदाज चांगला बांधता येतो. लघवी तपासणी, लघवीचं कल्चर (म्हणजे लॅबमधे जंतू वाढवून कुठले आहेत ते बघणं), एक्सरे आणि सोनोग्राफी, चारही करा. लघवी घरून नेणार असाल तर स्वच्छ कोरड्या डब्यात पकडा आणि अर्ध्या-एक तासात पोचवा, फ्रिजमधे ठेवली की गार होऊन नसलेले क्रिस्टल तयार होतात आणि रिपोर्ट चुकतो. कल्चरसाठी मात्र डॉक्टर पोटातून सुईनं लघवी घेतात, बघायला भीती वाटते पण दोन सेकंदाचं काम आहे, घ्यायला नाही म्हणू नका, खालून पकडलेल्या लघवीत बाहेरचे जंतू येतात. नुसते क्रिस्टल दिसले म्हणजे खडा आहे असं नाही, धडधाकट कुत्र्याच्या लघवीतपण क्रिस्टल दिसतात. एक्सरे काढताना मागच्या पायांमधला, शेपटीखालचा भाग फिल्ममधे आला पाहिजे, नुसतं पोट नको, कारण नळीत अडकलेला बारीक खडा तिथंच असतो आणि सोनोग्राफीत तो भाग नीट दिसत नाही.

मोठ्या जाती दोन, स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट. दोन्ही एक्सरेत पांढरे दिसतात. कुत्र्यात स्ट्रुव्हाइट बहुतेक वेळा जंतूंच्या इन्फेक्शनमुळं होतो, म्हणून कुत्रीला जास्त, लघवी अल्कलाइन लागते. मांजरात तो बहुतेक इन्फेक्शनशिवायच होतो. ऑक्झलेट नर कुत्र्यांत जास्त, शिह त्झू, ल्हासा, मिनिएचर श्नाउझर, यॉर्की ह्या छोट्या जातीत फार, आणि तो कुठल्याच औषधानं, कुठल्याच खाण्यानं विरघळत नाही, कुणी विरघळवून देतो म्हणालं तर पैसे घालवू नका. युरेट आणि सिस्टीन हे दोन कमी दिसतात आणि साध्या एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. डाल्मेशियनच्या रक्तातच युरेटचा दोष आहे, एसएलसी२ए९ नावाच्या जीनमधला, त्यामुळं डाल्मेशियन पाळणाऱ्यांनी मटणवाल्याकडची कलेजी-गुर्दा देणं बंद करा. दुसऱ्या जातीच्या लहान वयाच्या कुत्र्यात युरेट सापडला तर लिव्हरची तपासणी करून घ्या, लिव्हरला वळसा घालून जाणारी शीर असू शकते. सिस्टीनच्या एका प्रकारात नराची नसबंदी केली की खडे व्हायचे थांबतात.

स्ट्रुव्हाइटची शक्यता दिसली तर पहिला उपाय ताटलीत. हिल्सचं किंवा रॉयल कॅनिनचं युरिनरी फूड येतं, डॉक्टरच्या सांगण्यानंच घ्यायचं, आणि ते चालू आहे तोपर्यंत फक्त तेच. हे आमच्याकडं सगळ्यात अवघड जातं कारण घरातले आजोबा भाकरीचा तुकडा टाकतात, पोरं पार्ले जी देतात, आणि मग दोन महिन्यांनी "फूडचा काही उपयोग नाही" म्हणून लोक येतात. घरातल्या प्रत्येकाला बसवून सांगा, शेजारच्यांनापण. कुत्र्यात सोबत अँटिबायोटिक लागतं, कल्चरमधे जे आलं ते, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, लघवी साफ झाली म्हणून मधेच बंद करायचं नाही. मांजरातला खडा साधारण २ ते ५ आठवड्यांत जातो, कुत्र्यातला ८ ते १२ आठवडे घेतो. दर महिन्याला, मांजरात तर दोन आठवड्यांनी, एक्सरे काढून खडा लहान होतोय का बघायचं, अजिबात फरक नसेल तर अंदाज चुकला असं समजून पुढं जायचं. नर जनावरात विरघळता विरघळता लहान झालेला खडा नळीत येऊन अडकू शकतो, तेवढी नजर ठेवा, पण त्या भीतीनं प्रयत्नच न करणं बरोबर नाही. हे फूड पिल्लांना, गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला आणि किडनी-हृदयाच्या पेशंटला देऊ नका.

विरघळणारा नाही, किंवा थांबायची सोय नाही, मग काढायच्या पद्धती. ह्यातली सगळ्यात साधी पद्धत आपल्याकडच्या कुठल्याही चांगल्या दवाखान्यात होण्यासारखी आहे आणि तरी फार कमी लोकांना माहिती आहे. इंग्रजीत तिला व्हॉइडिंग युरोहायड्रोप्रोपल्शन म्हणतात, १९९३ मधे मिनेसोटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मांडली. पूर्ण भूल द्यायची, नळीतून सलाईननं पिशवी भरायची, मग जनावराला पुढून वर उचलून उभं धरायचं म्हणजे पाठीचा कणा टेबलाला सरळ काटकोनात येतो, पिशवी हलकेच हलवायची की खडे खाली तोंडाशी येतात, आणि एकसारखा दाब देऊन लघवीच्या धारेबरोबर बाहेर काढायचे. सगळे येईपर्यंत परत परत. ना टाका ना जखम, एक-दोन दिवस लघवीत थोडं रक्त येतं, बस. पण हे चालतं कुणाला ते बघा: मध्यम-मोठ्या कुत्रीला साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचे गुळगुळीत खडे, भाटीला त्याहून लहान, नर कुत्र्याला अगदी १ ते ३ मिलिमीटरचे. बोक्याला जवळपास नाहीच. नळी तुंबलेली असताना किंवा पिशवीला नुकतेच टाके घातलेले असताना अजिबात करायचं नाही, पिशवी फुटेल. म्हणून खडा लहान असतानाच सापडणं किती महत्त्वाचं आहे बघा, तोच खडा सहा महिन्यांनी ह्या वाटेनं येणार नाही.

नर कुत्र्यात नळीत अडकलेला खडा असेल तर उलटं करतात, सलाईनच्या जोरानं तो मागं पिशवीत ढकलतात. ह्यानं जीव वाचतो, लघवी सुटते, आणि घरचे म्हणतात झालं बरं. खडा पोटातच आहे हो! चार दिवसांत परत तिथंच येऊन बसू शकतो. पुढचं काय ते त्याच दिवशी ठरवून घरी जा.

ह्याच्या पुढची पायरी दुर्बिणीची. लघवीच्या जागेतूनच बारीक दुर्बीण आत घालतात आणि छोट्या तारेच्या जाळीत खडा पकडून बाहेर ओढतात, कुत्रीत आणि भाटीत कडक दुर्बीण चालते, नर कुत्र्याला लवचीक लागते. जाळीतून न येणारा मोठा खडा असेल तर होल्मियम लेसरनं आतच फोडतात आणि तुकडे धुवून काढतात. कुत्रीत हे छान जमतं, नर कुत्रा फार लहान असेल किंवा खडे ढिगानं असतील तर तासन्‌तास भुलीखाली ठेवण्यात अर्थ नसतो. अशांसाठी आणि बोक्यांसाठी पीसीसीएल म्हणून पद्धत आहे: पोटाला साधारण एक-दीड सेंटिमीटरचा काप, त्यातून पिशवीच्या टोकाला बारीक भोक, तिथून दुर्बीण घालून खडे उचलायचे आणि नळीपण आतून तपासायची. काप आहे पण उघड्या ऑपरेशनच्या मानानं फारच छोटा, पोटात लघवी सांडत नाही, आणि दुर्बिणीत सगळं मोठं दिसत असल्यामुळं बारीक खडे मागं राहायची शक्यता कमी.

दुर्बीण नुसत्या खड्यासाठी नसते, हे मुद्दाम सांगते कारण हे पेशंट वर्षानुवर्षं घराबाहेर बांधलेले असतात. पिल्लू असल्यापासून कुत्री झोपेत, बसल्या जागी लघवी गळवते, ट्रेनिंग देऊन काही होत नाही, लॅब्रॅडॉर, गोल्डन, हस्की अशा जातीत जास्त, तिची किडनीकडून येणारी नळी पिशवीत उघडायच्या ऐवजी पुढं कुठंतरी उघडत असू शकते. बऱ्याच कुत्रींमधे ती दुर्बिणीतून लेसरनं कापून बरोबर जागी उघडता येते. मार खाण्यासारखं तिनं काही केलेलं नसतं. आणि वयस्कर कुत्र्याला इन्फेक्शन नसताना परत परत लाल लघवी येत असेल तर गाठ आहे का ते बघायला हवं, आता लघवीतूनच बीआरएएफ नावाची टेस्ट होते. अशा संशयात पोटातून सुईनं लघवी घ्यायची नाही, गाठीच्या पेशी सुईच्या वाटेत पसरू शकतात.

मांजराच्या किडनीपासून येणाऱ्या नळीत खडा अडकला तर गोष्ट वेगळी, ती नळी आतून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. तिथं आत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, घालतात किंवा एसयूबी नावाचा बायपास बसवतात, कातडीखालून किडनी आणि पिशवी जोडणारा. हे अवघड काम आहे, हे रोज करणाऱ्या सर्जनकडंच जायचं. मांजर खायचं बंद झालंय, किडनीचे आकडे अचानक वाढलेत आणि सोनोग्राफीत एक किडनी फुगलेली दिसतेय, तर "म्हातारपणाची किडनी" म्हणून सोडून देऊ नका.

कुठं जायचं. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, माफसू विद्यापीठाचं, सांगलीकडून पेठ नाक्याला हायवेला लागायचं, कराड, सातारा, खंबाटकी ओलांडली की शिरवळ. नाहीतर सरळ पुणे, मुंबई. पण गाडी काढायच्या आधी आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणि सगळे एक्सरे घ्या आणि फोन करून नीट विचारा: दुर्बीण आहे का, माझ्या जनावराच्या साइजला चालेल का, लेसर आहे का, महिन्यात अशा किती केसेस करता, नाही जमलं तर त्याच भुलीत उघडं ऑपरेशन कराल का, काढून झाल्यावर भुलीतच एक्सरे काढून खडा राहिला नाही ना बघाल का, आणि एकूण खर्च किती. हे विचारल्यावर चांगला डॉक्टर रागवत नाही.

आणि उघडं ऑपरेशन करावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका. खडा मोठा आहे, खूप आहेत, दुर्बीण परवडत नाही किंवा जवळ नाही, तर आपल्याच गावातल्या हात बसलेल्या सर्जननं पिशवी उघडून खडे काढणं हा चांगला उपचार आहे, वाट बघत जनावराला महिनोन्‌महिने कळा सोसायला लावणं हा नाही. फक्त शेवटचा एक्सरे तिथंपण मागा, उघड्या ऑपरेशनमधे बारीक खडे मागं राहतात, आणि कधीकधी टाक्याच्या धाग्याभोवती नवा खडा धरतो. ऑक्झलेट खडा नुसता पिशवीत पडून असेल, मोठा असेल आणि काही त्रासच देत नसेल तर न काढता लक्ष ठेवणं हापण पर्याय आहे, डॉक्टरांशी बोला.

कुठल्याही वाटेनं काढा, निघालेला खडा फेकून द्यायचा नाही. कोरड्या डबीत घालून लॅबला पाठवायचा, फॉर्मालिनमधे बुडवायचा नाही, त्यानं रिपोर्ट बिघडतो. मिनेसोटाला १९८१ पासून फक्त ह्याच कामाचं केंद्र चालू आहे, आपल्याकडं डॉक्टरांना विचारून जी लॅब खड्याचं विश्लेषण करते तिथं द्या. नुसतं "कॅल्शियम आहे" असा रिपोर्ट आला तर पुरेसा नाही, खडा आतून एक आणि बाहेरून वेगळा असू शकतो, पूर्ण नाव मागा. पुढचं खाणं त्या नावावर ठरतं.

बोक्यांच्या बाबतीत परत सांगते, ज्यांच्यात खडा नाही, इन्फेक्शन नाही आणि तरी लाल लघवी, जोर करणं चालू आहे, अशी मांजरं फार आहेत आणि तिथं कारण ताण असतो. घरात पाहुणे, नवीन मांजर, बांधकाम, दिवाळीचे फटाके. आमच्या सांगलीकडच्या २०१९ च्या पुरात लोकांनी मांजरं पिशवीत घालून नातेवाइकांकडं नेली, अशा घरबदलीत त्यांच्यावर काय बेततं ते विसरू नका. एका मांजराला एक ट्रे आणि वर एक जादा, वाळू रोज साफ, लपायला उंच जागा, रोज खेळ. अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स इथं काही करत नाहीत.

आणि पाणी. सांगलीत लोक बोअरच्या क्षारांना दोष देतात आणि फिल्टरचं पाणी देऊन निर्धास्त होतात, पण खरा फरक पाणी किती पोटात जातं ह्यानं पडतो. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून साधारण २०० मिली रोज लागतं. सुक्या खाण्यात पाणी जेमतेम १० टक्के, ओल्या पाउचमधे ७५ ते ८० टक्के, म्हणून खडा झालेल्या मांजराला ओलं खाणं द्या, नाहीतर सुक्यात कोमट पाणी घाला. भांडी तीन-चार ठिकाणी, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदलून. कुत्र्याच्या भातात चिकन उकडलेलं पाणी घाला, मीठ-कांदा-लसूण नसलेलं. उपयोग होतोय का ते लघवीच्या स्पेसिफिक ग्रॅव्हिटीत, म्हणजे लघवी किती घट्ट आहे ते सांगणाऱ्या आकड्यात, दिसतं, कुत्र्यात १.०२० च्या खाली आणि मांजरात १.०३० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करायचा. ऑक्झलेट असेल तर व्हिटॅमिन सीच्या गोळ्या बंद.

काढल्यानंतर पहिल्या महिन्यात लघवी तपासणी, मग दर तीन ते सहा महिन्यांनी लघवी आणि एक्सरे किंवा सोनोग्राफी, जनावर एकदम ठणठणीत दिसत असलं तरी. ऑक्झलेटवाले फार परततात, त्यांचं तर एकही चुकवू नका, ३ मिलिमीटरला सापडला तर कुत्रीचं काम सलाईनच्या धारेवर भागतं.